मेजर, अझोट आणि बंद लिफाफा

मेजर, तुमच्या दहाव्याला कोयनेच्या काठावर जमलेली माणसं बघितली आणि रडू यायच्या आधी मला राग आला. पाटणच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लागल्या होत्या, त्यात पुण्याच्या नंबरच्या कितीतरी. एकेक चेहरा ओळखीचा. माझेच विद्यार्थी. ज्यांना मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं ती पोरं, आता पोट सुटलेली, कानशिलं पांढरी झालेली. मी निवृत्त झालो तेव्हा यांच्यापैकी एकाने ग्रुपवर फुलांच्या गुच्छाचं चित्र टाकलं होतं आणि बाकीच्यांनी त्याखाली हात जोडले होते. तुमच्यासाठी मात्र ते रजा टाकून आले होते. कडेगावच्या आमच्या कॉलेजातल्या लॅब अटेंडंटसाठी.

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं होतं. पण या लेखात काही खोडायचं नाही असं ठरवून बसलोय.

घाटावर माइकवाल्याने माझं नाव पुकारलं. “मेजरांच्या बरोबर अकरा वर्षं प्रयोगशाळेत काम केलेले सांगलीचे चौगुले सर आता श्रद्धांजली वाहतील.” मी उठलो आणि शिस्तप्रिय, मनमिळाऊ, सदैव हसतमुख असं काहीबाही बोललो. हे शब्द कुणाच्याही दहाव्याला चालतात. जे बोलायला हवं होतं ते घशाशी आलं होतं. मी ते गिळलं आणि खाली बसलो. माझ्यानंतर विकास उठला, तोच तो, कडेगावात ठिबकचं दुकान घातलेला. त्याने श्रद्धांजली वगैरे काही वाहिली नाही. त्याने सरळ उंदराची गोष्ट सांगितली, तुमच्या आवाजात, तुमच्यासारखा डावा हात हलवत. “उंदीर घातला भांड्यात, वरनं झाकान. आता बघा गड्यांनो काय हुतंय.” सगळा घाट हसला आणि मग सगळा घाट रडला. माझ्या चार ओळींना कुणी मानही वर केली नव्हती.

ती गोष्ट माझी होती, मेजर. तुम्हाला ती मी सांगितली होती.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी याच जुन्या पोरांनी माझ्याकडेच तुमच्यावर लेख मागितलाय. “सर, तुमच्याइतकं त्यांना जवळून कुणी बघितलं नाही,” म्हणाले. खरंच आहे. म्हणून घाटावर जे गिळलं ते इथे लिहिणार आहे. पोरं ते वाचतील. वाचल्यावर माझ्याबद्दल त्यांच्या मनात जे थोडंफार उरलंय तेही उरेल की नाही, सांगता येत नाही.

तुम्ही तोफखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे लागलात तेव्हा मला वाटलं होतं खरंच मेजर आहात. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगून टाकलंत, “सर, हवालदार हुतो मी. पर आमच्याकडं पेन्शनीत आलेला परत्येक जण मेजरच.” पहिल्याच आठवड्यात तुम्ही कपाटातल्या सगळ्या बाटल्या उतरवल्यात, धुतल्यात, आणि उडालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला घेतल्यात. इंग्रजी अक्षर तुम्हाला नीट जमत नव्हतं. मी कागदावर नावं इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहून द्यायचो आणि तुम्ही जीभ दातात धरून हुबेहूब उतरवायचात. वर्षभरात तुमचं अक्षर माझ्यासारखं झालं. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

एका दुपारी मी जर्नल तपासत बसलो होतो आणि तुम्ही विचारलंत, “सर, ह्या निम्म्या बाटल्यांवर नायट्रो-नायट्रो लिव्हलंय. ह्ये नाव आलं कुठनं वो?”

मी मान वर न करता सांगितलं. नायटर म्हणजे सोरा, बंदुकीच्या दारूत घालतात तो. सोरा जन्माला घालणारा म्हणून नायट्रोजन. इजिप्तमधल्या आटलेल्या तळ्यांच्या काठावर एक खार मिळायचा, त्याचं नाव फिरत फिरत ग्रीक लोकांकडे गेलं आणि तिथून पुढे सगळीकडे. आपल्या पुस्तकातला नत्रही त्याच कुळातला दिसतो. पण त्याच्याही आधी फ्रान्समधल्या एका शास्त्रज्ञाने त्याचं नाव अझोट ठेवलं होतं. ग्रीकमध्ये ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘झोए’ म्हणजे जीव. ज्यात जीव राहत नाही ते. कारण नुसत्या त्या हवेत मेणबत्ती विझायची आणि उंदीर मरायचा. जर्मन लोक तर त्याला गुदमरवणाराच म्हणतात. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असतील. सांगितलं आणि पुढचं जर्नल ओढलं.

वर्गात मी हे कधीच सांगत नव्हतो. वर्गात मी सांगायचो, अणुक्रमांक सात, रंगहीन, गंधहीन, लिहून घ्या. उंदराचं तर माझ्या तोंडून निघणंच शक्य नव्हतं. आमच्या जैन घरात पायाखाली मुंगी आली तरी आई दिवसभर हळहळायची. पोरांपुढे उभं राहून जीव गुदमरून मारल्याची गोष्ट रंगवायची, हे मला जमलं नसतं. निदान मी स्वतःला कारण हे द्यायचो. खरं कारण असं की अशा गोष्टी परीक्षेत येत नाहीत.

पंधरा दिवसांनी मी प्रयोगशाळेच्या दाराशी आलो तर आतून तुमचा आवाज. पोरांनी कोंडाळं केलेलं. टबात पाणी, पाण्यात उभी केलेली मेणबत्ती, वर उपडी काचेची बरणी. मेणबत्ती विझली, पाणी वर चढलं, पोरं “आँ” करून बघत राहिली. आणि तुम्ही सांगत होता, “आता ह्यात जी उरलीय ती बघा. हिचं पहिलं नाव अझोट. अ म्हंजी न्हाई, झोए म्हंजी जीव. मग दुसऱ्यानं बघितलं की आरं, ह्यातनं तर सोरा निपजतोय, त्यावर आमची तोफ चालायची!”

“आता तोफेत सोरा नसतो, मेजर,” मी दारातूनच म्हणालो. पोरं दचकली.

“नसू दे की सर. पर नायट्रोजन हाय का न्हाई त्यात?”

“आहे.”

“मग झालं,” तुम्ही म्हणालात आणि पोरं खो-खो हसली. मीही हसलो. आतून मात्र काहीतरी टोचलं, ते पुढे कधी निघालंच नाही.

आपला तो वाद आठवतो? पोरं गेल्यावर तुम्ही परीक्षानळ्या फडक्याने पुसायचात आणि मी शेजारच्या स्टुलावर. मी म्हणायचो की अझोट हे नाव साफ चुकीचं. प्रथिनांत नायट्रोजन, रक्तात नायट्रोजन, उसाच्या पानात नायट्रोजन, आणि नाव काय तर जीव नसलेला! तुम्ही त्या शास्त्रज्ञाची बाजू घ्यायचात. “त्यानं डोळ्यांनी बघितलं त्ये लिव्हलं. सरहद्दीच्या पोस्टवरचा शिपाई असाच रिपोर्ट देतो. त्यात चूक कसली?” मी म्हणायचो, उंदीर नायट्रोजनमुळे मेलाच नव्हता, ऑक्सिजन संपला म्हणून मेला. एकदा यावर तुम्ही पुसायचं थांबवलंत. हातातली नळी उजेडाकडे धरून बघितलीत आणि म्हणालात, “म्हंजी सर, जो तिथं नव्हता त्याचं पाप, जो तिथं हुता त्याच्या माथी. बिचारा निस्ता हजर हुता, एवढाच त्याचा गुन्हा.”

मी म्हणालो, “शास्त्रात असलं काही नसतं, मेजर.” वाद तिथेच राहिला. तुमचं म्हणणं मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

मग ते पाकीट. ऊस लागणीच्या दिवसांत तुम्ही गावाकडून येताना खताच्या दुकानातलं जिवाणूंचं रिकामं पाकीट घेऊन आलात, खिशात घडी करून. “सर, बघा, आपला शब्द!” पाकिटावर छापलं होतं, अझोटोबॅक्टर. हवेतला नत्र धरून पिकाला देणारे जिवाणू. जिवंत जिवाणू, आणि त्यांच्या नावात ‘जीव नाही’. मी स्वतः आमच्या मळ्यात ते पाकीट कैक वेळा फोडलेलं आहे. बेण्याला चोळलेलं आहे. मला तो शब्द कधी दिसला नव्हता, मेजर. एम.एस्सी. मी होतो आणि दिसला तुम्हाला. मी म्हणालो, “हं, असतं तसं,” आणि वर्गावर गेलो. तुम्ही ते पाकीट टाचणीने फलकावर लावलंत. त्या वर्षी बारावीच्या पोरांनी ते येता-जाता वाचलं. माझ्या नोट्स कुणी येता-जाता वाचल्याचं मला आठवत नाही.

आणि शेवटी तो भुईमुगाचा दिवस. प्रॅक्टिकल चालू होतं, अनुमापन, पोरं ब्युरेटकडे डोळे लावून. तुम्ही पोत्यातून भुईमुगाची ओली झाडं आणलीत, मुळांना माती तशीच. मुळांवरच्या गाठी दाखवल्यात, एक गाठ नखाने फोडून आतला लालसर रंग दाखवलात. “ह्यो बघा कारखाना. फुकट युरिया. हवेतला अझोट हिथं येऊन जित्ता हुतोय.” ब्युरेट सोडून सगळा वर्ग तुमच्याकडे गेला. सगळा. मी एकटा टेबलाशी उभा, हातात चंचुपात्र. तराजूवर माती सांडली होती. निमित्ताला मला ती माती पुरली.

त्याच दुपारी मी प्राचार्यांना अर्ज लिहिला. शुद्ध मराठीत, एकही चूक नाही. ‘प्रयोगशाळा परिचर अध्यापनात वारंवार व्यत्यय आणत असून, त्यांची अन्यत्र नेमणूक करावी.’ लिफाफ्यात घातला, चिकटवला, वर माझ्या हाताने ‘मा. प्राचार्य’ लिहिलं. आणि आमच्या विभागाचे कागद ऑफिसात न्यायचं काम तुमचं होतं, म्हणून अकरा वर्षांच्या सवयीने तो लिफाफा तुमच्याच हातात दिला.

हे मी मुद्दाम केलं नाही. पण लिफाफा तुमच्या हातात गेल्यावर लक्षात आलं होतं, आणि तरी परत मागितला नाही. तुम्ही ओल्या हाताचं पाणी आधी फडक्याला पुसलंत, मग तो धरलात. परत येऊन म्हणालात, “दिला, सर.”

पोरांनो, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. मेजरांना प्रयोगशाळेतून गेटवर बसवलं ते कुणी, हे तुम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना विचारत आलात. कुणी प्राचार्यांचं नाव घेतलं, कुणी संस्थेचं. मी तिथेच बसून मान हलवत राहिलो. ते मी होतो. कारण मला त्यांचा हेवा वाटत होता. तराजू, माती, व्यत्यय हे सगळं वरवरचं.

गेटवर तुम्हाला स्टूल मिळालं आणि टोलाची हातोडी. चिंचेला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तुम्ही टोल द्यायचात तो बसस्टँडपर्यंत ऐकू जायचा. मला वाटलं होतं आता पोरं माझ्याकडे वळतील. नवा अटेंडंट मुकाट्याने बाटल्या द्यायचा आणि फोडायचा. प्रयोगशाळा शांत झाली, इतकी शांत की मलाच तिथे बसवेना. आणि छोट्या सुट्टीत खिडकीतून बघावं तर चिंचेखाली कोंडाळं. मध्ये तुमची टोपी. हात हलतोय.

त्याच वर्षांत माझा अभ्यासक्रम काही केल्या पुरा होईना. माझा तास तिसरा, सुट्टीच्या आधीचा. नेमकं वाक्य रंगात यावं आणि टोल पडावा. मला वाटायचं घड्याळ मागे पडतंय. सांगलीला दोनदा दुरुस्तीला दिलं. घड्याळवाला म्हणाला, “सर, ह्यात काय बी दोष नाही. उगा उघडायला लावू नका.”

तुम्ही माझ्याशी बोलायचं कधी थांबवलं नाहीत, हे मला फार खुपायचं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी कार्यक्रम लांबत गेला की तुम्ही गेटवरून चालत यायचात, मंडपाच्या कडेने, आणि माझ्या कानाशी म्हणायचात, “सर, दिवस मावळाय लागलाय. डबा खाऊन घ्या.” मी सूर्यास्तानंतर जेवत नाही हे त्या अख्ख्या कॉलेजात फक्त तुमच्या ध्यानात असायचं. मी मागच्या बाकावर बसून घाईघाईने भाकरी खायचो आणि तुम्ही आडोशाला उभे राहायचात, कुणी हाक मारू नये म्हणून. तेव्हा प्रत्येक वेळी सांगून टाकावंसं वाटायचं. तुमची पाठ बघत मी घास गिळायचो. हात धुऊन होईपर्यंत धीर जायचा.

मग तुम्ही निवृत्त झालात, गावी गेलात. मीही झालो. फोनवर आपण पावसाचं बोलायचो, उसाच्या तोडीचं, गुडघ्यांचं. अझोटचा विषय तुम्ही काढायचात. “सर, अजून तुमी म्हणता नाव चूक?” मी म्हणायचो, चूकच. तुम्ही हसायचात. शेवटचा फोन दिवाळीनंतरचा. त्यातही हेच.

दहावा आटोपल्यावर तुमच्या घरी गेलो. वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्या भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे सुजलेले, पण आवाज शाबूत. “च्या घ्या सर. तुमी दिवस मावळायच्या आत जेवून निघणार, मला ठावं हाय. त्येंनी सांगून ठेवलेलं.” मग म्हणाल्या, “एक सांगू का? रागावू नगा.”

“सांगा की.”

“तुमचं त्ये पाकीट. गेटवर घालायचं. त्येंनीच न्हेलं हुतं न्हवं साहेबांकडं? साहेबांनी वाचलं आन् त्येंच्याच हातात दिलं, फायलीला लाव म्हणून. आवं, तुमचं अक्षार त्ये वळखणार न्हाईत व्हय? त्येच अक्षार गिरवत हुते की सगळा जलम.”

मी हातातली बशी खाली ठेवली.

“दोन दिस जेवले न्हाईत,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हणलं, जावा की, इचारा सरास्नी तोंडावर. तर न्हाई म्हणले. म्हणले, इचारलं तर त्यो माणूस खोटं बोलंल, आन् मग मला त्येंच्याशी बोलता येणार न्हाई.”

तुम्ही मला किती नीट ओळखत होता, मेजर. मी खोटंच बोललो असतो.

“मग?” मी कसंबसं विचारलं.

“मग काय!” आणि दहाव्या दिवशी, त्या घरात, वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. “टोल त्येंच्याच हातात हुता की! तिसरा तास तुमचा असायचा न्हवं? रोज दोन मिनिटं आदी द्यायचे. रोज. घरी येऊन सांगायचे, आज बी सरांचं वाक्य मदीच तोडलं!”

मी तिथे हसलो, मेजर. मोठ्याने हसलो, बाहेरची माणसं आत डोकावली. आणि हसता हसताच रडू फुटलं, जे घाटावर फुटलं नव्हतं. एकट्या माझ्यासाठी तुम्ही अख्ख्या कॉलेजचा तिसरा तास दोन मिनिटं मोडलात आणि सुट्टी लवकर झाली म्हणून कुणी तक्रारही केली नाही! मी घड्याळ घेऊन सांगलीच्या दुकानात उभा आणि तुम्ही चिंचेखाली हातोडी घेऊन. इतक्या वर्षांत मला एवढं हलकं वाटलं नव्हतं. तुम्हाला राग आला होता. तुम्ही वचपा काढलात. तुम्ही देवमाणूस नव्हता, हे किती बरं झालं! देवमाणसाची क्षमा मला पेलली नसती. ही पेलली.

परतीच्या वाटेवर, कराड सोडल्यावर, माझ्या डोक्यात आलं की त्या रोजच्या दोन मिनिटांचं तुम्ही केलंत काय. टोल पडला की पोरं माझ्या वर्गातून उठून थेट चिंचेखाली पळायची. माझी दोन मिनिटं काढून तुम्ही त्यांना उंदीर, सोरा, अझोट सांगत होता. म्हणजे जे मी अकरा वर्षं वर्गात सांगितलं नाही, ते माझ्याच तासात सांगितलं जात होतं. फक्त तुमच्या तोंडून.

तुमचं नळी पुसतानाचं वाक्य मला तिथे, गाडीत कळलं. माझ्या वर्गात जीव नव्हता. पोरं माझ्यापासून उठली ती माझ्याकडे जे नव्हतं त्यामुळे. आणि अर्जात नाव कुणाचं घातलं? जो तिथे हजर होता त्याचं. शास्त्रात असलं काही नसतं म्हणालो होतो मी. वाद तुम्ही जिंकलात, मेजर. त्या नावाबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे, अझोट हे नाव चूकच. गुन्हा फक्त हजर असण्याचा होता, तर त्याला असलं नाव देऊ नये.

पोरं म्हणाली होती, लेख टाइप करून मेल करा सर. मी हातानेच लिहिलाय, तुम्ही गिरवत होता त्याच अक्षरात. आता लिफाफ्यात घालतो. सोमवारी सांगलीहून पहिल्या गाडीने कडेगावला जाणार आणि ऑफिसात स्वतःच्या हाताने देणार. कुणी शिपाई पुढे आला, “द्या सर, मी नेतो,” म्हणाला तरी देणार नाही.

पोरं हे वाचतील, माझ्यावर चिडतील, आणि तुमच्यावर आणखी जीव टाकतील. पुढच्या मेळाव्याला चिंचेखाली बसून विकास टोलाची गोष्ट सांगेल, तुमच्यासारखा हात हलवत, आणि सगळे हसतील. ते मला आत्ताच दिसतंय, आणि आत्ताच माझ्या पोटात दुखायला लागलंय.